दंतरक्षण आणि आपली वहिवाट



स्मृतिव्याख्यानाला उभा राहणारा वक्ता बहुधा साहित्य, इतिहास किंवा तत्त्वज्ञान यांपैकी एखादा विषय घेऊन येतो आणि श्रोतेही त्याच अपेक्षेने येऊन बसलेले असतात. तरीसुद्धा ज्या व्यवसायात माझे आयुष्य गेले त्यातली एक गोष्ट, जी खुर्चीत आ वासून बसलेल्या माणसाला घाईघाईने सांगावी लागते आणि म्हणून कधी नीट सांगितलीच जात नाही, ती आज सावकाशीने आपल्यापुढे मांडावी असे मी ठरविले आहे. ती गोष्ट अशी की, उतारवयात दात पडतात ते केवळ वय झाले म्हणून पडत नाहीत. ते बहुधा हिरड्यांच्या आणि हिरड्यांखालच्या हाडाच्या रोगाने पडतात, तो रोग पुष्कळ अंशी टाळता येण्यासारखा असतो, आणि तो टाळण्यास घरातले रोजचे घासणे जितके अवश्य तितकेच जाणत्या हाताकडून ठराविक मुदतीने दात साफ करून घेणेही अवश्य असते.

आपल्या किनाऱ्यावर दातांच्या वैद्याकडे जाण्याची वहिवाट पिढ्यानपिढ्या एकच राहिली आहे. दात ठणकू लागला, लवंगेचे तेल लावून झाले, मिठाच्या पाण्याच्या चुळा भरून झाल्या, एकदोन रात्री जागून काढल्या, म्हणजे सकाळी जायचे आणि तो दात काढून मोकळे व्हायचे. ज्या वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे सेंट ल्यूक्स रुग्णालय विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुग्णसेवा करीत होते, आणि ज्या गावाला तापासाठी, बाळंतपणासाठी, शस्त्रक्रियेसाठी वैद्याकडे जाण्याची सवय त्यामुळे इतरांच्या मानाने लवकर लागली, त्या गावातही दात हा वैद्याला दाखविण्याजोगा अवयव आहे, आणि तोही दुखत नसताना, ही कल्पना फारशी रुजली नाही. एखाद्या माणसाला ‘सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला या’ असे सांगितले की तो मनापासून विचारतो, “डॉक्टरानू, माका खंय काय दुखता? मगे कित्याक येव?” या प्रश्नात अवमान नसतो. दुखणे हा रोगाचा दाखला आहे आणि दाखला नाही त्या अर्थी रोगही नाही, अशी एक सरळ समजूत त्यामागे असते. आणि शरीराच्या कित्येक व्याधींना ती समजूत लागूही पडते. हिरड्यांच्या व्याधीला मात्र ती मुळीच लागू पडत नाही, आणि सगळा अनर्थ ओढवतो तो तेथेच.

दात घासल्यानंतर काही तासांतच त्यांच्यावर एक पातळ, चिकट, रंगहीन थर बसू लागतो. तो अन्नाचा नसतो, जिवंत जिवाणूंचा असतो. सतराव्या शतकात ज्या डचांची वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती आणि जिचे भग्नावशेष अद्याप गावात उभे आहेत, त्यांच्याच देशातील डेल्फ्ट या गावी लेव्हेनहूक नावाचा कापडाचा एक व्यापारी राहत असे. त्याने स्वतः घासून तयार केलेल्या भिंगाखाली स्वतःच्याच दातांमधला पांढुरका मळ पाहिला आणि त्यात असंख्य सूक्ष्म जीव हालचाल करीत असल्याचे १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळविले. त्या पत्रातील एक तपशील आपल्याला विशेष जवळचा आहे. हा गृहस्थ रोज सकाळी मिठाने दात घासत असे, पाण्याने चुळा भरीत असे, काडीने दातांच्या फटी कोरीत असे, आणि आपले दात आपल्या वयाच्या इतरांपेक्षा स्वच्छ असल्याची त्याला खात्री होती. तरीही दातांच्या फटींत तो मळ राहिलेला त्याला आढळलाच. ज्या तालुक्यात शिरोड्याची मिठागरे आहेत, ज्या मिठागरांवर १९३० साली सत्याग्रह झाला, त्या तालुक्यातील माणसाला मिठाची थोरवी मी सांगावी असे नाही. सुजलेल्या हिरडीला कोमट मिठाच्या पाण्याने आराम पडतो हेही खरे आहे. परंतु दोन दातांच्या फटीत, हिरडीच्या काठाखाली, जिवाणूंनी एकमेकांना चिकटून बांधलेल्या वस्तीपर्यंत मीठ पोचत नाही. लेव्हेनहूकनेच पुढे शिरका वापरून पाहिला आणि त्याला दिसले की वरवरचे जीव मरतात, आतले सुरक्षित राहतात. कोणत्याही चुळेची, मग ती परसातल्या पाल्याच्या काढ्याची असो की दुकानातल्या रंगीत बाटलीतली असो, मर्यादा आजही हीच आहे. तो थर घासून, पुसून, खरवडूनच निघतो.

आणि तो तसा वेळेवर निघाला नाही तर दगड बनतो. लाळेत चुना आणि फॉस्फरस यांचे क्षार असतात. ते त्या थरात उतरतात आणि काही दिवसांतच त्याला घट्टपणा येऊ लागतो. यालाच आपण किटण म्हणतो. खालच्या पुढच्या दातांच्या जिभेकडील बाजूस आणि वरच्या दाढांच्या गालाकडील बाजूस ते सर्वांत जास्त जमते, कारण लाळग्रंथींची मुखे नेमकी तेथेच उघडतात. हे किटण स्वतः हिरडीला फारसे टोचत नाही. त्याचा खरा अपराध असा की त्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो, आणि पाण्यात राहिलेल्या होडीच्या तळाला शेवाळ व शिंपले धरले की त्यांच्यावर आणखी शेवाळ धरते, तसे त्या खडबडीवर जिवाणूंचे नवे थर सतत आसरा धरून राहतात. मग हिरडी सुजते, तांबडी होते, घासताना रक्त येते. रक्त येते म्हणून माणूस त्या जागी ब्रश लावायचे सोडतो, आणि ज्या जागेला स्वच्छतेची सर्वांत अधिक गरज तीच जागा सर्वांत अधिक अस्वच्छ राहते. पुढे हिरडी दातापासून सुटते, तेथे खोबण तयार होते, खोबणीत पुन्हा किटण बसते, आणि दाताच्या मुळाला धरून ठेवणारे हाड हळूहळू झिजत जाते. या सर्व काळात दुखत म्हणून काहीच नाही. दहापंधरा वर्षांनी दात हलू लागतो, तेव्हा त्याच्याभोवतीचे अर्धे हाड गेलेले असते. आणि गेलेले हाड बहुधा परत येत नाही.

हे ज्ञान सर्वस्वी परदेशातून आले अशी कोणाची समजूत असल्यास ती दुरुस्त करावी लागेल. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखरोगांचे जे सविस्तर वर्णन आहे, त्यात रक्त येणाऱ्या, कुजणाऱ्या हिरडीचा शीताद आणि दातांवर साचून घट्ट झालेल्या मळाची दंतशर्करा ही दोन्ही नावाने आली आहेत. आणि चिकित्सास्थानात, दंतमुळांना इजा न करता ती शर्करा शस्त्राने काढावी असा स्पष्ट आदेश आहे. आजच्या दंतवैद्याला आपल्या कामाचे सूत्र सांगायचे झाले तर त्याहून अधिक नेमके सांगता येणार नाही. चरकाने दातवणाचे विवेचन करताना हिरड्यांना बाधा होऊ न देण्याची अट घातली आहे. म्हणजे घरी करावयाचे काम आणि वैद्याने करावयाचे काम यांची वाटणी या देशात फार प्राचीन काळी झालेली होती. आपण त्या वाटणीतला घरचा भाग तेवढा ठेवला, तोही राखुंडीने आणि मशेरीने बिघडवून ठेवला, आणि वैद्याचा भाग विसरून गेलो.

दात साफ करून घेण्याविषयी आपल्याकडे जी भीती आहे तिचा विचार येथेच करतो. “साफ केल्यार दात हलतले मां?” हा प्रश्न मला बंदरावरच्या कोळणीने विचारला आहे आणि पदवीधर शिक्षकानेही विचारला आहे. ही भीती निराधार असली तरी तिचा उगम खोटा नाही, हे मी आवर्जून सांगतो. ज्याचे हाड आधीच झिजले आहे त्याच्या दातांच्या फटी किटणाने भरून गेलेल्या असतात आणि ते किटणच शेजारच्या दातांना एकमेकांशी सांधून ठेवते. ते काढल्याबरोबर फटी उघड्या पडतात, जिभेला तेथे पोकळी लागते, थंड पाणी काही दिवस झोंबते, आणि जे दात आधीपासूनच हलत होते त्यांचे हलणे प्रथमच लक्षात येते. दात हाडात धरून ठेवतात ते मुळाभोवतीचे सूक्ष्म तंतू. किटणाचा त्यांच्याशी वैरापलीकडे काही संबंध नाही. निरोगी तोंड वेळेवर साफ केले तर काहीही हलत नाही, आणि सुजलेली हिरडी थोड्याच दिवसांत आटून दाताला घट्ट बिलगते.

साफ करण्याची क्रिया ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी तिचे थोडे वर्णन करतो. प्रथम एका बोथट, बारीक, मोजपट्टीसारख्या खुणा असलेल्या सळईने प्रत्येक दाताभोवती हिरडीची खोबण मोजतात आणि आकडे मोठ्याने सांगतात: दोन, तीन, तीन, दोन, सहा. एकापासून तीनपर्यंतचे मिलिमीटर निरोगी. चारच्या पुढे रोग. खुर्चीतल्या माणसाला अर्थ आधी सांगून ठेवला असेल तर ‘सहा’ ऐकताच त्याचे हात खुर्चीच्या दांडीवर आवळले जातात, आणि माझ्या अनुभवात कोणत्याही उपदेशाने जो परिणाम होत नाही तो या एका आकड्याने होतो. नंतर सेकंदाला सुमारे २५,००० वेळा कंप पावणारे एक टोक पाण्याच्या तुषारासह किटणाला लावतात आणि ते तडकून सुटते. राहिलेले वाकड्या पात्याच्या हत्याराने हलके खरवडतात. शेवटी दात गुळगुळीत करतात. दाताचे कवच हा मनुष्यशरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. जाणत्या हाताने केलेल्या या कामाने ते झिजत नाही. निघालेला तुकडा मी कापसावर ठेवून रुग्णाच्या हाती देत असे. तपकिरी, काही ठिकाणी काळपट, एका बाजूने दाताच्या उतारासारखा गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने खडबडीत असा तो तुकडा नखाने दाबूनही फुटत नाही. हा आपल्या तोंडात इतकी वर्षे होता यावर माणसाचा विश्वास बसायला क्षणभर लागतो.

हे सर्व अनुमान आहे, प्रमाण काय, असे कोणी विचारील. तर १९६५ साली डेन्मार्कमधील आर्हुस येथे हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे पूर्ण बंद करावयास लावले. १० ते २१ दिवसांच्या आत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणे पुन्हा सुरू करताच आठवड्याच्या सुमारास पूर्ववत झाल्या. रोगाचे कारण आणि त्याचा उपाय एकाच प्रयोगात सिद्ध झाले. याच संशोधकांनी १९७० पासून १५ वर्षे श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांतील ४८० मजुरांची तोंडे वेळोवेळी तपासली. हे लोक ब्रश वापरीत नव्हते आणि दंतवैद्य त्यांच्या वाटेला कधी आला नव्हता. त्यांचे दात किडलेले जवळजवळ नव्हतेच, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तरीही शंभरात सुमारे ८ जणांचा हिरड्यांचा रोग इतक्या वेगाने वाढला की चाळिशी-पंचेचाळिशीतच त्यांची तोंडे बोळकी होऊ लागली. ८१ जणांत तो मध्यम गतीने वाढत गेला. केवळ ११ जणांत तो हिरडीच्या सुजेपुढे सरकला नाही. आपल्या घरातला एखादा आजोबा कधी ब्रश न लावता नव्वदाव्या वर्षी ऊस सोलून खात होता, हे उदाहरण मला नेहमी ऐकविले जाते. तो आजोबा त्या अकरांपैकी असतो, आणि त्याच्या उदाहरणावर बाकीच्या एकोणनव्वदांनी विसंबणे धोक्याचे आहे.

याच्या उलट चित्र स्वीडनमधील कार्लस्टाड या शहरात दिसले. तेथे १९७२ च्या सुमारास आक्सेल्सन आणि लिंडे या दंतवैद्यांनी ३७५ प्रौढांना हाताशी धरले, घासण्याची रीत प्रत्यक्ष शिकविली, आणि पहिली दोन वर्षे दर दोन महिन्यांनी व नंतर दर तीन महिन्यांनी त्यांचे दात साफ केले. तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या गटाला वर्षातून एकदा नेहमीचे उपचार तेवढे मिळत होते. सहा वर्षांत त्या गटाची इतकी पीछेहाट झाली की त्याला तसेच ठेवणे त्यांना उचित वाटले नाही. पहिल्या गटाची पाहणी मात्र ३० वर्षे चालली. त्या अवधीत त्यांनी गमावलेल्या दातांची सरासरी माणशी दोनही भरली नाही, आणि तेही मुख्यतः मूळ तडकल्यामुळे गेले. वार्धक्य आले, पण दात राहिले.

आता मशेरीकडे वळतो, कारण वेंगुर्ल्यात उभे राहून दंतरक्षणावर बोलायचे आणि मशेरीचे नाव काढायचे नाही, ही श्रोत्यांची वंचनाच होईल. तंबाखूची पाने चुलीवरच्या लोखंडी तव्यात काळी होईपर्यंत भाजतात. तो उग्र, घशात बसणारा वास ज्या घरात दरवळतो त्या घरातली लहान मुलेही खोकू लागतात. मग ती पाने कुस्करून भुकटी करतात, डबीत भरतात, आणि तर्जनीने हिरड्यांवर चोळतात. मूळचा हेतू दात घासण्याचा. पण निकोटीन हे हिरडीतून रक्तात शिरते, आणि पहाटे एकदा लावलेली मशेरी पुढे न्याहारीनंतर, दुपारी, मासळीची पाटी विकून झाल्यावर, रात्री निजताना, अशी दिवसातून चारपाच वेळा लागू लागते. मशेरी लावल्याशिवाय परसाकडे होत नाही, डोके दुखते, कामात हात चालत नाही, असे बायका सांगतात ते अक्षरशः खरे असते. ती व्यसनाची लक्षणे आहेत. या स्त्रियांना कोणी व्यसनी म्हणत नाही, त्या स्वतःलाही म्हणवून घेत नाहीत, कारण त्यांच्या लेखी तो दात घासण्याचाच प्रकार आहे. आणि म्हणूनच मला या व्यसनाची चिंता विडीपेक्षा अधिक वाटते.

ज्या ठिकाणी तंबाखू रोज चोळली जाते तेथे हिरडी मागे सरकते, मूळ उघडे पडते, मऊ मुळाला खाच पडते. आणि कित्येकींच्या तोंडात पुढे पांढरे चट्टे येतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाचे डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत घरोघर जाऊन १,०१,७६१ माणसांची तोंडे तपासली आणि १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. महाराष्ट्राच्या खेड्यांतील तंबाखूच्या सवयी आणि मुखातील कर्करोगपूर्व विकृती यांचा संबंध तपासणारे इतके मोठे काम आपल्या प्रांतात पूर्वी झालेले नव्हते, आणि त्यानंतर तंबाखू ही केवळ वाईट खोड म्हणून सोडून देण्याची सबब कोणालाच उरली नाही. सरकारने १९९२ साली दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास कायद्याने बंदी केली. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. परंतु कोणताही अंमलदार चुलीवरच्या तव्यापर्यंत पोचू शकत नाही. तेथे पोचू शकते ती घरातलीच सून किंवा नात, आणि पोचू शकतो तो दंतवैद्य, जर ती बाई दात दुखण्यापूर्वी त्याच्याकडे आली तर; कारण दात साफ करताना गालाची आतील बाजू, जिभेखालची जागा, टाळू हे सर्व आपोआप पाहिले जाते आणि चट्टा वेळीच सापडतो. सुपारीविषयीही हेच. आपल्या बागायतीचे ते पीक आहे म्हणून मी कमी बोलणार नाही; ती तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे, आणि तिच्या अतिरेकाने तोंड उघडेनासे झालेली तरुण मुले मी पाहिली आहेत.

मधुमेही श्रोत्यांना एकच वाक्य: हिरड्यांचा रोग साखर वाढवितो आणि वाढलेली साखर हिरड्यांचा रोग वाढविते, म्हणून त्यांनी तीन-तीन महिन्यांनी तोंड दाखवावे. इतरांना सहा महिन्यांची मुदत सांगण्याची प्रथा आहे. माझ्या मते ती सर्वांना सरसकट लावू नये. ज्याच्या खोबणी निरोगी आहेत त्याला वर्षातून एकदा पुरते, ज्याचे हाड झिजले आहे त्याला सहा महिने फार होतात. घरी मऊ केसांचा ब्रश, फ्लोराइड असलेली पेस्ट, सकाळी आणि विशेषतः रात्री निजण्यापूर्वी, दोन मिनिटे. आणि फटींसाठी दोरा किंवा बारीक ब्रश. राखुंडीने आणि विटेच्या भुकटीने दात पांढरे दिसतात ते कवच झिजवूनच. लहान मुलांच्या बाबतीत आईबापांनी एवढे जाणावे की सहाव्या वर्षी येणारी दाढ कोणताही दुधाचा दात न पाडता मागच्या बाजूस गुपचूप येते, ती जन्मभराची असते, आणि दुधाची समजून तिची सर्वांत जास्त हेळसांड होते.

उपचारांची सोय हा प्रश्न आपल्या भागात पूर्वी खरोखरीच बिकट होता. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ साली निघाले; दंतवैद्यकाला सनद आणि नोंदणी लागू करणारा कायदा १९४८ साली झाला; तोपर्यंत बाजारच्या दिवशी रस्त्याकडेला चिमटा घेऊन बसणारा मनुष्य हाच पुष्कळांचा दंतवैद्य होता, आणि एकाच चिमट्याने एकामागून एक दात उपटले जात. १९८० साली गोव्यात दंत महाविद्यालय सुरू झाले, ते आज बांबोळीला आहे, आणि हिरड्यांच्या शस्त्रक्रियेसाठी आपल्या तालुक्यातील रुग्ण तेथे जाऊ शकतात. आता तालुक्याच्या गावीही सनदी दंतवैद्य आहेत. तेव्हा राहिली ती वहिवाट बदलण्याची गोष्ट, आणि त्यासाठी एक योजना मी व्याख्यानमालेच्या चालकांपुढे व गावापुढे ठेवतो.

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात, बाजारात मासळी नसते, आणि एरवी पहाटेपासून ज्यांना उसंत नसते त्या स्त्रीपुरुषांना थोडा वेळ असतो. पैसा मात्र त्याच दिवसांत सर्वांत कमी असतो, म्हणून शुल्क नाममात्र ठेवावे लागेल. या दोन महिन्यांत एक आठवडा दात तपासण्याचे आणि साफ करण्याचे शिबिर भरवावे, आणि काजूचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, जानेवारीत, त्याच माणसांना पुन्हा बोलवावे. प्रत्येकाच्या खोबणींचे आकडे एका वहीत लिहून ठेवावेत, म्हणजे पुढल्या खेपेस सहाचे चार झाले की नाही हे त्याला स्वतःला पाहता येईल. मशेरी लावणाऱ्या स्त्रियांची तपासणी स्त्री दंतवैद्याकडे द्यावी. त्या मोकळेपणाने बोलतात. पहिल्या वर्षीची हत्यारे देण्याची जबाबदारी मी घेतो. प्रत्येक रुग्णाला निर्जंतुक केलेला स्वतंत्र संच मिळालाच पाहिजे, यात काटकसर चालणार नाही, आणि त्यासाठी ऑटोक्लेव्ह दिवसभर चालू राहावा लागेल. पावसाळ्यात आपल्याकडे विजेचा भरवसा धरता येत नाही. तेव्हा शिबिराची जागा ठरविताना जनित्राची सोय असलेली एखादी शाळा किंवा सभागृह आधी पाहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.